तीनचा प्रयोग

"रविवारी किती प्रयोग असतात?" मी फोनवर विचारलं.

पलीकडची मुलगी म्हणाली, दोन. एक अकराचा, एक तीनचा.

"मग तीनचा धरा. आम्ही मिरजेहून येणार, अकराला पोचायचं म्हणजे कोंबड्याच्या आधी उठावं लागेल. पाच जण. किती वेळ चालतो? सव्वा तास? मध्यंतर आहे का? नाही? बरं. आणि हे बघा, पुढच्या रांगा मिळाल्या तर उपकार होतील. मुलींना मागून काही दिसत नाही."

फोन ठेवला आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेल्या यादीतल्या 'फोन' या शब्दावर रेघ मारली. यादीशिवाय मी चहासुद्धा टाकत नाही असं माझा भाऊ शिरीष म्हणतो. त्याला म्हणू दे. यादी नसती तर आमच्या घरातलं कुणीही स्टेशनच्या पुढे गेलं नसतं.

मे महिना होता. मी कोल्हापूरहून माहेरी आले होते. माझी ऋचा दहा वर्षांची, शिरीषची सानिका आठ. दोघींनी मिळून डोकं खाल्लं होतं. पुण्याजवळ एक विज्ञान केंद्र नवीन सुरू झालं होतं. तिथे म्हणे 'हात लावू नये' अशी एकही पाटी नाही. सगळं फिरवायचं, ओढायचं, भिंतीवर आपली सावली चिकटवून ठेवायची. शिवाय दिवसातून दोनदा एका छोट्या सभागृहात विज्ञानाचे प्रयोग करून दाखवतात. ऋचाच्या वर्गातली एक मुलगी जाऊन आली होती आणि तेव्हापासून ऋचाला जगण्यात अर्थ उरला नव्हता.

जाणार कोण, तर मी, शिरीष, त्याची बायको अनुजा आणि दोन मुली. आई घरी राहणार, कारण अण्णा घरी राहणार. हे कुणी ठरवलं नव्हतं. तीन वर्षं हे असंच होतं.

मी वळले तर अण्णा आतल्या खोलीच्या दारात उभे होते. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर.

"दीर्घांक दिसतोय," ते म्हणाले.

"अं?"

"मध्यंतर नाही म्हणालीस ना? सव्वा तास सलग, म्हणजे दीर्घांकच. कुणाचा प्रयोग आहे?"

एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं. अण्णा, नाटकाचा नव्हे, विज्ञानाचा प्रयोग. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझी जीभ रेटेना. तीन वर्षांत त्या चेहऱ्यानं स्वतःहून मला एक प्रश्न विचारला नव्हता. जेवलीस का, कधी निघणार, एवढे सोडले तर.

"पुण्याची एक संस्था आहे," मी म्हणाले. हे खरंच होतं.

"पात्रं किती?"

"दोनच. एक मुलगा, एक मुलगी." हेही फोनवरच्या मुलीनंच सांगितलं होतं.

"आणि नेपथ्य?"

"नेपथ्य असं काही नाही. एक टेबल. त्यावर थोड्या बाटल्या वगैरे."

अण्णांनी मान हलवली. "प्रायोगिक आहे म्हणजे."

"हो," मी म्हणाले, "अगदीच प्रायोगिक."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू माझ्या मागच्या भिंतीवर काही वाचायचं होतं.

"गाडीत जागा असेल तर मी पण येतो," ते म्हणाले आणि खोलीत गेले.

स्वयंपाकघरातला पोळपाटाचा आवाज थांबला. आई लाटणं हातात घेऊन बाहेर आली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग मी परत फोन उचलला आणि त्या मुलीला सांगितलं, "मघाशी पाच म्हणाले, ते सात करा."

अण्णांचं काय झालं होतं ते सांगायला हवं. चाळीस वर्षं ते मिरजेच्या रेल्वे बुकिंग ऑफिसात होते आणि तेवढीच वर्षं हौशी रंगभूमीवर. दिवसा खिडकीतून तिकिटं द्यायची, संध्याकाळी तालीम. गावात त्यांना नोकरीवरून कुणी ओळखत नसे. ते ओळखले जायचे त्यांच्या पॉझसाठी. वाक्याच्या आधी ते असे थांबायचे की मागच्या रांगेतला खोकणारा माणूससुद्धा खोकला गिळायचा. प्रॉम्प्टिंगला बसणाऱ्याला त्यांची एकच ताकीद असे, मी थांबलो की तोंड उघडायचं नाही. एकदा एका उत्साही पोरानं त्यांच्या पॉझमध्ये वाक्य फेकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पोरगा तिकीटविक्रीला.

निवृत्तीनंतर, तीन वर्षांपूर्वी, ते स्पर्धेच्या एका नाटकात उभे राहिले. म्हाताऱ्या मामलेदाराचं काम. प्रॉम्प्टिंगला ऐनवेळी कुणी मिळेना म्हणून मी कोल्हापूरहून आले आणि वही घेऊन विंगेत बसले. दुसऱ्या अंकात मुलगा बापाला विचारतो, "बाबा, त्या कागदावर सही तुम्ही केली होती?" त्यावर अण्णांचं दोन पानी भाषण. त्या दिवशी मुलानं विचारलं आणि अण्णा बोललेच नाहीत. मुलाचं काम अण्णांच्याच तालमीत तयार झालेला मुकुंददादा करत होता. त्यानं शेवटी आपलं पुढचंच वाक्य घेतलं, अख्खी दोन पानं गळली, नाटक कसंबसं पडद्यापर्यंत गेलं. परीक्षकांनी लिहिलं, प्रमुख नटाचे पाठांतर कच्चे.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक माझ्यावर धावून आला. "वाक्य का नाही दिलंस?"

मी म्हणाले, "दिलं होतं. दोनदा दिलं. त्यांना ऐकू गेलं नाही."

मी वाक्य दिलं नव्हतं.

अण्णा चार हात अंतरावर बसून मिशी काढत होते. त्यांनी हे ऐकलं. ते काहीही बोलले नाहीत.

त्या एका वाक्यानं पुढे काय काय केलं! ऐकू गेलं नाही म्हणून शिरीषनं त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. मग कान ठीक तर डोकं, म्हणून मेंदूचा फोटो. डॉक्टर म्हणाले वयोमानाप्रमाणे आहे, पण घरच्यांनी 'वय' तेवढंच ऐकलं. आईनं बदाम आणि ब्राह्मी सुरू केली. शिरीषनं स्कूटरची किल्ली आपल्याकडे ठेवली. गल्लीत लोक मोठ्यांदा आणि सावकाश बोलायला लागले, 'ओळखलं का मला?' अण्णांनी कशालाच विरोध केला नाही. हळूहळू ते खोलीतून बाहेर यायचेच बंद झाले. आणि मी कोल्हापुरातून दर रविवारी फोन करून विचारत होते, अण्णा कसे आहेत?

संध्याकाळी शिरीष कामावरून आला. बातमी ऐकून त्यानं डबा ओट्यावर आदळला.

"तू त्यांना फसवून नेणार? आणि तिथे गेल्यावर कळलं की समोर नाटक नाही, कुणीतरी बाटलीतून धूर काढतंय, मग?"

"मी खोटं काही बोललेले नाही."

"वा! वकील व्हायला हवी होतीस."

"शिरीष, ते येतो म्हणाले. स्वतःहून. तू ऐकायला नव्हतास."

"आणि तिथे दारातून परत फिरले तर? पुन्हा खोलीतून बाहेर येतील असं वाटतं तुला? वैजू, आता निदान दारात तरी येऊन उभे राहतात."

अनुजा पोळ्यांना तूप लावत होती, ती म्हणाली, "सांगूनच टाका ना वन्सं. विज्ञान तर विज्ञान. कदाचित येतीलही."

"नाही यायचे," आई म्हणाली. "विज्ञानाला नाही यायचे. नाटकाला येतील." आणि मग तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मला तुमच्या भानगडीतलं काही कळत नाही. पण मी रविवारी नेसायला साडी काढून ठेवलीय."

तीन वर्षांत आईसुद्धा कुठे गेली नव्हती, हे माझ्या यादीत कधी आलंच नव्हतं.

शुक्रवारी घराचा रंगच बदलला. अण्णा बाहेरच्या खोलीत येऊन बसले. सुमो किती वाजता येणार, कोण कुठे बसणार, यात लक्ष घालायला लागले. त्यांचं म्हणणं, सभागृहात तिसऱ्या घंटेच्या अर्धा तास आधी पोचायला हवं, धावत येऊन बसलं की पहिली दहा मिनिटं वाया जातात. पुढच्या रांगेला त्यांचा विरोध होता. "पुढून नटाचे पाय दिसतात. पाचवी रांग घे. आवाज कुठवर पोचतो तेही कळतं."

"छोटं सभागृह आहे, अण्णा. पाचच रांगा आहेत."

"मग शेवटची. बरंच झालं."

ऋचाला आणि सानिकाला मी गच्चीवर नेऊन दम दिला होता की आजोबांसमोर विज्ञान हा शब्द काढायचा नाही. सानिका तयार झाली, तिला गुपित आवडतं. ऋचा मात्र माझ्यावर गेलेली नाही.

"पण का?"

"कारण आजोबांना वाटतंय नाटक आहे."

"मग त्यांना सांग ना, नाहीये."

"सांगणार आहे. वेळ आली की."

"वेळ कधी येणार?" ऋचा म्हणाली. "रविवारी तर जायचंय."

शनिवारी दुपारी जेवणं झाली. सगळे आडवे झाले. मी यादीतलं 'दशम्या, चटणी, पाण्याच्या बाटल्या' तपासत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. ते फोनवर होते.

"मुकुंद? अरे मी बोलतोय. हो, मीच. बरा आहे. अरे, उद्या नाटकाला चाललोय. पुण्याला. प्रायोगिक आहे काहीतरी, दोनच पात्रं. वैजू नेतेय. आलो की सांगतो तुला, पोरं काय करतात ते."

मुकुंददादा तीन वर्षं दर महिन्याला येऊन दारातूनच परत जात होता. अण्णा झोपलेत, असं आईला सांगावं लागे. त्याला त्यांनी आपणहून फोन केला होता, आणि कशासाठी, तर माझ्या थापेसाठी. शिरीष म्हणाला होता ते खरं होतं. उद्या त्या सभागृहाच्या दारात हा माणूस दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर पडणार होता, आणि दोन्ही वेळा पाडणारी मीच.

मी यादी खाली ठेवली आणि बाहेर गेले.

अण्णा कॉटवर चादर चौपदरी घालून झब्ब्याला इस्त्री करत होते. अनुजा करून देते म्हणाली होती, पण तिला बाह्यांची घडी जमत नाही असं त्यांचं मत होतं.

"अण्णा, उद्या नाटक नाहीये."

इस्त्री चालूच राहिली. "रद्द झालं?"

"नाही. नव्हतंच. ते विज्ञान केंद्र आहे. मुलांसाठी. तिथे विज्ञानाचे प्रयोग करून दाखवतात. बाटल्या, धूर, चुंबक, असलं. तुम्हाला वाटलं नाटक, आणि मी तसंच वाटू दिलं."

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. झब्ब्याच्या बाहीवरून हात फिरवला.

"दोन पात्रं, टेबल आणि बाटल्या," ते म्हणाले.

"हो."

"प्रायोगिक."

"चुकलंच माझं. तुम्ही येतो म्हणालात आणि मला..." ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी झब्बा उचलून घडी घालायला घेतली, नीट, कपाटात ठेवायची घडी. ती बघून मला राहवलं नाही. "अण्णा, आणखी एक आहे. त्या दिवशी मी वाक्य दिलं नव्हतं."

"माहीत आहे मला," अण्णा म्हणाले. "मी तिथेच होतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? कानाच्या डॉक्टरकडे गेलात, मेंदूचा फोटो काढलात..."

"काय बोलायचं? माझ्या मुलीचं पान हरवलं होतं, असं?" ते अगदी साधेपणानं म्हणाले. "दिग्दर्शक तुला सगळ्यांसमोर झाडत होता. तू घाबरून काहीतरी बोललीस. मी म्हटलं, जाऊ दे. तसंही विसरलो मीच होतो. कोरी पाटी, वैजू. सहीचा प्रश्न आला आणि समोर काहीच नाही. आपण कोण, कुठे उभे आहोत, काही नाही. तुझं पान हरवलं हा काही मोठा गुन्हा नाही. त्या वहीची पानं सुटीच होती, मी आधीच सांगितलं होतं शिवून घ्या म्हणून."

तीन वर्षं त्यांनी माझ्यासाठी हे उत्तर तयार ठेवलं होतं. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"पान हरवलं नव्हतं, अण्णा. माझं बोट त्याच ओळीवर होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्यांना काही कळलं नाही असं दिसलं.

"मग?"

"मला वाटलं पॉझ आहे."

"काय?"

"मला वाटलं, तुम्ही थांबलाय. मुकुंददादाकडे बघत होतात, हात टेबलाच्या कडेवर होता, आणि सगळं सभागृह असं चिडीचूप. मला वाटलं, तालमीत कधी असा घेतला नाही, आज काय घेतलाय अण्णांनी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हो. वहीतलं अक्षर दिसत नव्हतं. मुकुंददादानं भलतंच वाक्य घेतलं तेव्हा मला कळलं." मी आता सरळ रडतच होते. "आणि हे दिग्दर्शकाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बापाचं कौतुक बघत बसलीस होय! म्हणून वाक्य दिलं असं सांगितलं. घाबरून. आणि मग ते परत घेता आलं नाही."

अण्णा कॉटवर बसले.

"खरं सांगतेस?"

"ऋचाची शपथ."

"माझ्या समाधानासाठी नाही ना? परवापासून बरंच काय काय खरं सांगतेयस तू."

हे मला लागलं, पण लागायलाच हवं होतं. "नाही अण्णा. समाधान करायचं असतं तर तेव्हाच केलं असतं. मला स्वतःची लाज वाटत होती म्हणून तीन वर्षं गप्प बसले."

"किती वेळ होता तो?"

"मुकुंददादा म्हणतो चाळीस सेकंद."

"चाळीस!" अण्णा म्हणाले. मग पुन्हा, जरा हळू, "चाळीस. वही हातात. बोट ओळीवर."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, मी पुढे झाले. ते हसत होते. आवाज न करता, एका हातानं गुडघा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई झोपेतून उठून धावत आली. "काय झालं? काय झालं हो?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "तुझ्या मुलीला कळलं नाही."

"काय कळलं नाही?"

ते उत्तर द्यायला थांबले नाहीत. उठून फोनपाशी गेले आणि नंबर फिरवला, डायरीत न बघता.

"मुकुंद, परत मीच. हे बघ, उद्या नाटकबिटक काही नाही. पोरींना विज्ञान दाखवायला चाललोय. हो, जातोय ना, जागा सांगून ठेवलीय सातांची. पण मी दुसऱ्यासाठी फोन केलाय. त्या दिवशी तू घाई केलीस. सहीच्या प्रश्नाला. होय, तीन वर्षांनी सांगतोय, मलाच आत्ता कळलं. थांबायचं होतंस तू. इकडे वैजू पॉझ समजून हातात वही घेऊन थांबली होती, तुला काय झालं होतं थांबायला?"

पलीकडून मुकुंददादा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तो बराच वेळ बोलत होता. अण्णा ऐकत होते. आई मला खुणेनं विचारत होती, काय झालं.

"नाही रे," शेवटी अण्णा म्हणाले. "विसरलोच होतो. पण वैजूला कळलं नाही."